खालचा कागद

चिंचणीचा समुद्र निळा नाही. आमच्याकडचं पाणी गढूळ. भरतीला दुधाच्या चहासारखं, ओहोटीला नुसता चिखल. तरी इतकी वर्षं शाळेत मी मुलांकडून निळा समुद्र काढून घेत आले. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्राला किनारा आला की वर आभाळ निळं, खाली पाणी त्याहून निळं, कडेला पिवळी वाळू. घरापासून दहा मिनिटांवर खरा समुद्र असलेली पोरं हे बिनतक्रार काढतात. स्मरणचित्रात स्मरण चालत नाही, हे त्यांना आठवीतच कळलेलं असतं.

एकानं मातकट समुद्र काढला. मी म्हटलं, "अरे, निळा दे. गुण जातील."

तो काही बोलला नाही. ब्रश धूत राहिला. तास संपल्यावर चित्रं गोळा करताना त्याच्या चित्राखाली पसरलेलं वर्तमानपत्र हातात आलं. बातम्यांच्या मधल्या कोऱ्या पट्ट्यांत रंगाचे ठिपके होते. मोजले तर एकतीस. बर्न्ट सिएन्नात पांढरा, मग थोडा काळा, मग काळा जास्त झाला म्हणून पुन्हा पांढरा, एका ठिकाणी निळ्याचा जेमतेम थेंब. शेवटचा ठिपका त्यानं पेन्सिलीनं गोल केला होता. संध्याकाळी मी तो कागद घेऊन सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेले आणि पाण्यासमोर धरला. ओहोटी लागली होती. रंग जुळला.

ह्या मुलाला फळ्यावरच्या दहा ओळी उतरवून घ्यायला अख्खा तास लागतो. त्याची वही सगळ्या शाळेनं पाहिली आहे. वर्तमानपत्र कुणीच पाहिलेलं नाही.

*

चित्र भिंतीवर लागतं. खालचा कागद रद्दीत जातो.

*

माझा खालचा कागद असा. सकाळी शिक्षकांच्या खोलीत शिरण्याआधी दारातच दोन वाक्यं मनात म्हणून घ्यायची, कारण कुणी "काय म्हणता बाई?" असं विचारलं की मला खरंच काय म्हणायचं ते आठवू लागतं. समोरचा बोलत असताना त्याच्या भुवयांच्या मध्ये बघायचं. डोळ्यांत बघितलं तर त्याचे शब्द ऐकू येत नाहीत. सगळे हसले की अर्ध्या सेकंदानं हसायचं. बोईसर स्टेशनवर गाडी शिरताना पिशवीचा बंद मुठीत आवळून धरायचा, म्हणजे ब्रेकचा आवाज दातांपर्यंत पोचत नाही. लग्नाला गेलं तर डीजेपासून चौथ्या रांगेत, भिंतीच्या बाजूला. घरी आल्यावर पंखासुद्धा नको. तासभर अंधारात बसायचं आणि कुणी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणायचं.

यातलं काही एकेकटं अवघड नाही. पण पोहणाऱ्याला एक लाट कधीच जड नसते.

*

लहानपणी मला दोन नावं होती. दूध उतू गेलं की वेंधळी. तेच दूध उतू जात असताना मी काढलेली रांगोळी दिसली की नादिष्ट. मुलगी एकच, दुपारही तीच.

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी तिसरं नाव दिलं: न्यूरोडायव्हर्जंट. आईनं विचारलं, "म्हणजे काय गं?" मी म्हटलं, "वेंधळीच. आता कागदावर."

ती हसली. मग बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझे आजोबा असेच होते. जेवताना कुणी बोललं तर ताट घेऊन मागच्या पडवीत जायचे." आजोबांना कुणी कुठलं नाव दिलं नाही. पडवी मात्र दिली. कुठलं जास्त उपयोगी, यावर मी अजून ठाम नाही.

*

माझ्या कागदावरच्या ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. शब्द देखणा आहे आणि माझ्यापुरता उलटा. स्वतःत मग्न व्हायला मिळालं असतं तर हवंच होतं. माझ्या बाबतीत बाहेरचंच फार आत येतं: ट्यूबलाइटची कुरकुर, शेजारच्या बाईंच्या साडीची नवी खळ, बाजारातल्या सुक्या बोंबलांचा वास आणि त्या वासाच्या आत असलेला मिठाचा वेगळा वास. दार उघडं टाकून झोपलेल्या घराला कुणी बंदिस्त म्हणेल का?

*

जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची सोंगं निघतात. लाकडाचा नाहीतर कागदाच्या लगद्याचा मोठा मुखवटा चेहऱ्यावर बांधून माणूस रात्री गावातून नाचत जातो. मुखवट्याला वजन असतं, डोळ्यांची भोकं लहान असतात, आतला घाम पुसता येत नाही. पण त्याच्या पुढे मशाल असते. वाजंत्री असते. मुखवट्याआड कोण आहे ते गावाला ठाऊक असतं आणि गाव त्या सोंगाच्या पाया पडतं. पहाटे मुखवटा उतरतो. त्या माणसाला कुणी लगेच शेतावर पाठवत नाही.

इंग्रजीत आमच्यासारख्यांच्या रोजच्या वागण्याला मास्किंग म्हणतात. मी त्याला सोंग म्हणते. फरक एवढाच की आमचं सोंग सकाळी बांधतात, मशाल नसते, आणि ते जितकं चांगलं वठेल तितकं ते सोंग आहे यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

"तुमच्याकडे बघून वाटत नाही हो." हे मला कौतुक म्हणून सांगतात.

*

डहाणू हा आमचाच तालुका. त्यातलं गंजाड. तिथे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे राहत.

जन्म १९३४ चा. आई लहानपणी गेली आणि त्यानंतर काही वर्षं हा मुलगा बोललाच नाही. काही सांगायचं असलं तर मातीत बोटानं रेघा ओढायचा. लोकांनी हसून सोडून दिलं असेल, कुणी देवर्षीकडेही नेलं असेल. गावात जे होतं ते झालं असणार. वारल्यांत भिंतीवर चौक लिहायचा तो सवाशिणींनी, लग्नापुरता. लिहायचा म्हणतात, काढायचा म्हणत नाहीत. गेरूच्या, शेणाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, बांबूची काडी चावून केलेला ब्रश, मध्ये पालघट देवी. पुरुषानं लिहायचं नसतं आणि लग्न नसताना तर मुळीच नाही. जिव्या रोज काढत बसला.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार कागद घेऊन ह्या पाड्यांवर आला. स्वतःही चौकटीत न बसणारा माणूस. मधुबनीच्या बायकांना भिंतीवरून कागदावर आणण्यात त्याचा हात होता. पुढे तो वारला तोही तिकडे बिहारातच. त्यानं जिव्याच्या हातातली रेघ ओळखली. मग १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या पोंपिदू केंद्रातलं प्रदर्शन, २००९ चा नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ ची पद्मश्री. मे २०१८ मध्ये ते गेले.

मला त्यांचं मासेमारीचं जाळं जवळचं. अख्खा कागद जाळ्यानंच भरलेला. लांबून धुकं वाटतं. जवळ गेलं की एकेक गाठ, एकेक घर, हातानं काढलेलं, हजारोंनी, आणि कुठलंही घर शेजारच्यासारखं नाही. माणसं आणि मासे त्या विणीत मुंग्यांएवढे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी मान अवघडली होती. मनात आलं, हे काढताना त्यांची किती वेळा अवघडली असेल!

त्यांच्या त्या गप्प वर्षांना आजचं कुठलं नाव लावायचं, या फंदात मी पडत नाही. आई मेलेल्या मुलाच्या गप्प राहण्याला आधी दुःख म्हणावं. पण त्यांच्यावर लिहिणारे एक वाक्य हमखास लिहितात: मुकेपणातून कला फुलली. हे मला पटत नाही. मुकेपणातून काही फुलत नाही. मातीतली रेघ हे त्या पोराचं बोलणं होतं. दुसरा रस्ता बंद होता म्हणून ह्या रस्त्यानं तो अनवाणी चालला, आणि आपण त्याच्या पायाखालच्या पाऊलवाटेला सुंदर म्हणतो. सुंदर ती आहेच. पाय कुणी पाहिले नाहीत, एवढंच.

आणि रंग? एकच. पांढरा. तोही मुळात खायच्या तांदळातून काढलेला.

*

"अशा मुलांना देवानं काहीतरी वेगळी देणगी दिलेली असते." पालकसभेत हे वाक्य वर्षातून चारदा ऐकते. म्हणणाऱ्याचं मन चांगलं असतं. पण देणगी म्हटलं की पावती फाडायची नसते, कष्टांचा हिशेब आपोआप मिटतो. शिवाय ज्याला देणगी नाही त्याचं काय? माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिला गर्दी सोसत नाही, लेबल काढलेलेच कपडे घालते, आणि तिचं चित्र अगदी सामान्य असतं. तिनं वेगळेपणाचं भाडं म्हणून कलाकृती द्यावी, अशी आपली अपेक्षा आहे. ती देत नाही. मला ती फार आवडते.

*

रंगाच्या किमतीबद्दल बोईसर-तारापूरच्या माणसाला कुणी शिकवायला नको. आमच्या औद्योगिक वसाहतीत रंग आणि रसायनं बनतात. देशभर कापडावर चढणाऱ्या लाल-निळ्यातलं काही इथून जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या क्रमवारीत तारापूर देशात पहिलं आलं, ९३.६९ गुण. शाळेत एवढे मिळाले असते तर पेढे वाटले असते. रंग दुकानात दिसतो. रंगाचा खर्च नाल्यात.

(नाल्याचा रंग कुठल्याच पेटीत मिळत नाही. एकदा मीही वर्तमानपत्रावर ठिपके देऊन पाहिले होते.)

*

चिंचणीत डाय कोरणारी घरं आहेत. दागिन्यांचे साचे. पोलादाच्या लहानशा ठोकळ्यावर छिन्नीनं वेल, मोर, अक्षर खोल कोरायचं. वर पत्रा ठेवून दाब दिला की ते उठून येतं. म्हणजे जे उठावदार हवं ते खोल खणायचं, आणि अक्षर असेल तर उलटं कोरायचं. माझे एक दूरचे काका हे काम करायचे. खिडकीशी, भिंग लावून, दिवसच्या दिवस मान खाली. त्यांना सरळ अक्षर लिहिताना मी फार कमी पाहिलं. किराण्याची यादी काकू लिहायची.

एकदा मी विचारलं, "काका, उलटं कसं काय सुचतं तुम्हांला?"

ते म्हणाले, "सुचत नाही गं. सुलटं आवरावं लागतं."

उलटी अक्षरं काढणारं प्रत्येक पोर काही डिसलेक्सियाचं नसतं, लहानपणी बहुतेक सगळीच काढतात. काकांचं काय होतं, मला माहीत नाही आणि आता विचारायला ते नाहीत. पण फळ्यासमोर बसलेला माझा तो विद्यार्थी पाहते तेव्हा हे वाक्य आठवतं. आपण त्याला विचारतो, सरळ का जमत नाही? काय काय आवरून तो बसलाय, हे कुणी विचारत नाही.

*

त्या मुलाच्या आईला मी तपासणी करून घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, "बाई, त्याला वेडा ठरवतील." मी तिला माझा स्वतःचा निदानाचा कागद दाखवला. तिनं तो दोन्ही बाजूंनी पाहिला. "तुम्ही तर नोकरी करता," ती म्हणाली. मग खेपा सुरू झाल्या: एका दवाखान्यातून दुसऱ्यात, एका तारखेवरून दुसऱ्या तारखेवर, दर खेपेला तिची एक दिवसाची मजुरी बुडून. कायदा तिच्या बाजूनं आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, त्यांत स्वमग्नता आहे आणि अध्ययन अक्षमताही. कायदा बोईसरपर्यंत आला आहे. पुढच्या रिक्षाचे पैसे तिलाच द्यावे लागतात.

फुकट पोचवण्याची गोष्ट निघालीच आहे तर: चिंचणीत जमिनीत काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. संजाणच्या मुलुखावर तेव्हा त्याचा मधुमती नावाचा मांडलिक होता, मूळचा ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मदचंच संस्कृत रूप मानतात. त्यानं दोन प्रवाहांवर लोकांना पार नेण्यासाठी फुकट नावा ठेवल्याची नोंद त्यात आहे. अन्नछत्रही घातलं होतं, तांदूळ, कालवण आणि तुपासकट.

अकराशे वर्षांपूर्वी आमच्या भागात पाणी ओलांडायची सोय होती. पलीकडे जाणाऱ्याला "तुला पोहता कसं येत नाही?" असं विचारल्याची नोंद ताम्रपटात नाही.

*

तो मुलगा यंदा दहावीला आहे. कागद मिळाला आहे, पेपराला वाढीव वेळ मिळेल. मार्चात केंद्रावर घंटा झाल्यावर सगळी पोरं उठतील, बाकांचे पाय फरशीवर घासतील, बाहेर पालकांचा गलका होईल, आणि तो लिहीत बसलेला असेल. तुम्ही पर्यवेक्षक असाल, शिपाई असाल, खिडकीतून डोकावणारे पालक असाल, तर कृपा करून त्याच्या बाकाजवळ उभे राहू नका. शक्य असेल तर दाराबाहेरचा आवाज तेवढा कमी करा.

अर्धा-पाऊण तास लागेल त्याला.