बोडक्या डोक्यावरची टोपी

माजलगाव

चि. बाळ,


परवा फोनवर तू विचारलंस, फुटबॉलपटू सुनील छेत्रीच्या नावापुढे 151 कॅप लिहिल्यात, पण तो तर बोडक्यानंच खेळतो. मग ही टोपी कुठली? सांगायला लागलो आणि रेंज गेली. म्हणून हे पत्र.

तुम्हा क्रिकेटवेड्या पोरांना टोपी म्हणजे पदार्पणाच्या दिवशी जुना खेळाडू देतो ती. फुटबॉलमध्ये कॅप म्हणजे देशाच्या सीनियर संघाकडून खेळलेला एक सामना. छेत्रीनं जून 2024 मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोप घेतला, तेव्हा असे 151 झाले होते. पुढच्याच वर्षी गडी परत आला, आकडा वाढला!

एकेकाळी टोपी खरीच होती. 30 नोव्हेंबर 1872 रोजी ग्लासगोजवळ पार्टिकला स्कॉटलंड आणि इंग्लंड भिडले, तेही एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर. गोल एकही झाला नाही. इंग्लंडच्या गड्यांच्या डोक्यावर टोप्या, स्कॉटलंडच्यांच्या लाल कानटोप्या. त्या काळी संघातल्या सगळ्यांचे शर्ट सारखे असतीलच असं नव्हतं. आपला कोण, परका कोण हे डोक्यावरून ओळखायचं. मग 1886 च्या मे महिन्यात एन. लेन जॅक्सन यांनी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनपुढे प्रस्ताव ठेवला, की देशाकडून खेळणाऱ्याला पांढऱ्या रेशमाची, पुढे लाल गुलाब भरलेली टोपी द्यावी. आपल्याकडे सत्काराला फेटा बांधतात, तसा हा मान. पुढे तिचा रंग निळा झाला. इंग्लंड अजून टोप्या देतं, पण एका मोठ्या स्पर्धेची मिळून एकच, तिच्यावर प्रतिस्पर्ध्यांची नावं. म्हणजे कागदावर शंभर कॅप असणाऱ्याच्या कपाटात शंभर टोप्या सापडतीलच असं नाही.

हिशेब मात्र कडक. शेवटच्या मिनिटाला बदली म्हणून आत गेलास तरी कॅप. नव्वद मिनिटं बाकावर बसलास तर नाही. वयोगटाचे सामनेही धरत नाहीत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये दिल्लीत सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच स्पर्धेत जीक्सन सिंगनं कोलंबियावर गोल केला, फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिलाच. देश नाचला, पण सीनियर कॅपच्या खात्यात त्याचं काही जमा नाही. मला यात अन्याय दिसत नाही. मोठ्यांच्या संघातली जागा नव्यानंच कमवावी लागते.

त्यातही गोलकीपरच्या कॅपचं मोल मला जास्त वाटतं. जागा एकच, आणि मैदानातला गोलकीपर जायबंदी झाल्याशिवाय दुसऱ्याला बदलीत सहसा कोणी आत घेत नाही. गोव्यातल्या ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर त्या एका जागेवर उभे राहिले, भारताचे कर्णधारही झाले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शाळेच्या संघात तूही गोलकीपरच आहेस ना? बाकावर आहेस की आत, ते कळव.

तुझा,
आजोबा