भोकरदनचं हस्तिदंत, बदनापूरची तूर

1973 साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदनच्या पांढरीत उत्खनन केलं. शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते हे त्याचे प्रमुख. त्यांचा अहवाल पुढच्याच वर्षी छापून आला. हे भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचं नाव कोरलेलं आहे. इथली माणसं दोन हजार वर्षांपूर्वी तिकडे जात होती आणि आपल्या गावाचं नाव दगडावर ठेवून येत होती.

उत्खननात हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला. कमरेखालचा भाग, शेजारी दोन सेविका. ही घडण अभ्यासकांनी आधी पाहिलेली होती, पण भारतात नव्हे. 1938 मध्ये इटलीतल्या पॉम्पेई शहरात, व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलेल्या एका घरात अशीच एक हस्तिदंती मूर्ती सापडली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. मराठवाड्यातल्याच तेरलाही याच जातीची मूर्ती मिळाली आहे. पॉम्पेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिरांनी केली असावी, असं काही अभ्यासकांनी मांडलं. इतरांनी तिच्या तळाशी असलेल्या खरोष्ठी अक्षराकडे बोट दाखवलं आणि वायव्येकडची वाट सुचवली. हा वाद मिटलेला नाही, आणि त्यात वाईट काही नाही.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेलं. म्हणजे तिथली मूर्ती त्याआधीची, हे पक्कं. म्हणजे जालना जिल्ह्यातल्या एका कारागिरीचा काळ ठरवायला इटलीतल्या ज्वालामुखीचा आधार मिळतो. तो आधार घेण्यासाठी राखेचे थर वाचणारा भूशास्त्रज्ञ लागतो, खरोष्ठी वाचणारा लिपितज्ज्ञ लागतो, मूर्तीच्या कंबरपट्ट्यावरून घडण ओळखणारा कलेतिहासकार लागतो. नाणी पाहणारा वेगळा, मणी पाहणारा वेगळा. त्याच अहवालाच्या शेवटी एम. डी. काजळे यांचं एक परिशिष्ट आहे. उत्खननात हाती आलेल्या धान्याच्या अवशेषांवरून तेव्हाच्या पिकांचा आणि आहाराचा विचार त्यात केला आहे. इतिहासाच्या पुस्तकात वनस्पतिशास्त्र येऊन बसलं आहे, आणि ते पाहुण्यासारखं आलेलं नाही, घरच्या माणसासारखं आलं आहे.

संशोधनाचा विस्तार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विषयांची यादी येते. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात असते तशी, इकडे विज्ञान, तिकडे मानव्यविद्या. भोकरदनच्या त्या तुकड्याने मला वेगळं शिकवलं. वस्तू एकच असते, तिला विचारायचे प्रश्न अनेक असतात, आणि एका माणसाला ते सगळे विचारता येत नाहीत. म्हणून अभ्यासाच्या शाखा लागतात.

आता याच जिल्ह्यातल्या बदनापूरला येऊ. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं कडधान्य संशोधन केंद्र इथे आहे. मराठवाड्यात तूर पेरणाऱ्या कुणालाही बीडीएन ही अक्षरं सांगावी लागत नाहीत. बीडीएन-711 पांढरी, बीडीएन-716 लाल, हे बियाण्याच्या दुकानात उभं राहून माणूस सहज बोलतो. पण मला बीएसएमआर या दुसऱ्या नावाविषयी बोलायचं आहे. बी म्हणजे बदनापूर, आणि पुढची तीन अक्षरं तुरीच्या वांझ रोगाला दाद न देणारा वाण, एवढंच सांगतात.

वांझ रोग आलेलं तुरीचं झाड हिरवंगार दिसतं. पानं बारीक होतात, त्यांवर फिकट-पिवळे ठिपके येतात, झाड झुडपासारखं वाढत राहतं आणि फुलावर येतच नाही. रोगाची पहिली शास्त्रीय नोंद 1931 सालची, बिहारमधल्या पुसा इथली. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या, वाऱ्यावर उडत जाणाऱ्या कोळी नावाच्या किडीमुळे पसरतो, हेही पुढे कळलं. पण त्या कोळ्याच्या अंगातून नेमकं काय येतं, ते कितीतरी वर्षं हाती लागत नव्हतं. तो विषाणू आहे हे 2000 सालाच्या सुमारास, हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने स्कॉटलंडच्या शास्त्रज्ञांबरोबर केलेल्या कामातून नक्की झालं. सुमारे सत्तर वर्षं रोगाचा कर्ता अज्ञात होता.

बीएसएमआर-736 हा वाण मात्र 1990च्या दशकातच शेतात आला होता. विषाणू सापडण्याआधी त्याला तोंड देणारं झाड सापडलं. हे कसं झालं? रोगट झाडाचं पान घ्यायचं आणि साध्या स्टेपलरने निरोगी रोपाच्या पानाला टाचायचं, ही युक्ती 1970च्या दशकात इक्रिसॅटमध्ये बसवली गेली. कोळी एका पानावरून दुसऱ्यावर जातात. हजारो रोपांमधून जे टिकेल ते ठेवायचं, त्याचं बी धरायचं, पुन्हा पेरायचं, पुन्हा पाहायचं, आणि दर हंगामाला वहीत लिहायचं. कारण कळलेलं नसतानाही काटेकोर पाहण्यातून उपाय मिळतो, हे मला मोठं वाटतं. ज्या वैद्याला, ज्या सुईणीला, ज्या शेतकऱ्याला आपण ‘अडाणी’ म्हणून बाजूला केलं, त्यांच्या ज्ञानाकडेही याच नजरेने पाहिलं पाहिजे. त्यांनी लिहून ठेवलं नाही, एवढाच फरक असतो. आणि तो फरक लहान नाही.

या रोगाच्या नावाशी मी थोडा थांबतो. वांझ हा शब्द मूळ संस्कृत ‘वंध्या’चा. घरातल्या बाईला लावला जाणारा, तिचं आयुष्य करपवणारा शब्द शेतात गेला आणि तुरीला चिकटला. झाडाला रोग आहे, त्याला बाहेरून बाधा झाली आहे, हे शास्त्राने सत्तर वर्षं खपून शोधलं. बाईच्या बाबतीत ‘दोष तिचाच’ हे न तपासताच ठरलेलं होतं. वनस्पतिरोगाच्या अभ्यासकाला हा प्रश्न पडणार नाही, त्याने पाडून घ्यावा असंही नाही. पण भाषेच्या आणि समाजाच्या अभ्यासकाला तो पडला पाहिजे. त्यासाठी त्याने कृषी विद्यापीठाचं हस्तपत्रक वाचायला हवं.

भाषेच्या अभ्यासाचं दुसरं उदाहरणही याच जिल्ह्यातलं. घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. 1608 मध्ये समर्थ रामदासांचा जन्म इथला. रामदासांचं लिखाण आज अभ्यासकाच्या हाती आहे ते धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांमुळे. 1893 मध्ये तिथे सत्कार्योत्तेजक सभा सुरू झाली, आणि देवांनी मठामठांतून रामदासी बाडं मिळवली, जपली, ताडून पाहिली. जुन्या ग्रंथाच्या दहा नकला असतील तर दहांत फरक असतो. कुठला शब्द मूळचा आणि कुठला नकलकाराच्या हातून शिरला, हे शोधणं म्हणजे पाठचिकित्सा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 अशी जवळजवळ अर्धं शतक खपून पूर्ण केली, तेव्हा 1,259 हस्तलिखितं तपासली.

जालन्याच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर उभं राहिलं की मला ही आवृत्ती आठवते. प्लॉटवर वेगळं दिसणारं झाड फुलावर येण्याआधी उपटतात, नाहीतर त्याचा पराग सगळ्या बियाण्यात शिरतो. संपादकही चुकीचा पाठ असाच बाजूला करतो. फरक असा की चांगला संपादक त्या पाठाला फेकून देत नाही, तळटीपेत ठेवतो. ही तुलना मी कल्पनेने ओढूनताणून केलेली नाही. 1998 मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या हस्तलिखितांचा वंशवृक्ष काढला, तो जीवशास्त्रज्ञ प्राण्यांची नाती लावायला वापरतात त्याच गणिताने. तो लेख ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापला गेला. चूक एका नकलेतून दुसरीत उतरते ती जनुकातल्या बदलासारखीच.

शाखा एकमेकींशी बोलल्या नाहीत तर काय होतं, तेही याच जिल्ह्याने पाहिलं आहे. हिंगोलीत जन्मलेल्या बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको ही बियाण्याची कंपनी सुरू केली आणि या शहराला बियाण्याचं शहर केलं. 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. देशात बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाला, 2002 मध्ये परवानगी मिळाली, ती महिकोच्या भागीदारीतून आलेल्या वाणांना. दोन जनुकांचा कापूस 2006 मध्ये आला. 450 ग्रॅमच्या पिशवीसोबत 120 ग्रॅमचं एक लहान पाकीट मिळायचं, त्यात बिगर-बीटी बी असायचं. ते कापसाच्या कडेने लावायचं होतं. विचार पक्का होता. कडेच्या साध्या झाडांवर साधी बोंडअळी जगेल, तिचे पतंग बीटीला न जुमानणाऱ्या थोड्या पतंगांशी जोडी लावतील, आणि अळीची पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडणारी राहील. कीटकशास्त्र, जनुकशास्त्र आणि गणित तिन्ही त्या पाकिटात होतं.

ती पाकिटं पुष्कळ ठिकाणी बांधावरच पडली. दोन-अडीच एकरांचा धनी कडेचे तास अळीला खायला घालेल कसा? त्याचा तोटा आज आणि त्याच्या एकट्याचा. फायदा मात्र पाच-दहा वर्षांनी आणि सगळ्या शिवाराचा. शिवाय रब्बीला पुरेसं पाणी नसलं की तो कापूस उपटत नाही, फरदड घेतो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेतात बोंडं राहतात, आणि गुलाबी बोंडअळीला वर्षभराचं बिऱ्हाड मिळतं. 2017 मध्ये महाराष्ट्रातल्या कपाशीवर ही अळी तुटून पडली. माझं मत स्पष्ट आहे. शास्त्र चुकलं नव्हतं. त्या पाकिटाचा आराखडा करताना कोरडवाहू घराचा हिशेब जाणणारा अर्थशास्त्रज्ञ आणि गावात राहून लोकांचं वागणं पाहणारा समाजशास्त्रज्ञ सुरुवातीपासून हवा होता. त्याला नंतर, नुकसान मोजायला बोलावलं गेलं.

बीटी वांग्याच्या वेळी प्रश्न उघड्यावर आला. ऑक्टोबर 2009 मध्ये केंद्राच्या समितीने महिकोच्या वांग्याला हिरवा कंदील दाखवला. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी स्थगिती दिली. बांगलादेशाने 2013 मध्ये परवानगी दिली. कोण बरोबर, यावर माणसं अजून भांडतात. मला एवढंच म्हणायचं आहे की त्या सुनावण्या व्हायला हव्या होत्या त्या वाण तयार होत असताना. तयार मालावर मत मागितलं की माणूस बाजू घेतो, विचार करत नाही.

चांगला नमुनाही जवळच आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या 5 तारखेला चर्चासत्र भरतं. शेतकरी आणि शास्त्रज्ञ समोरासमोर बसतात, आणि शेतकऱ्याचं ‘आमच्या रानात असं होत नाही’ हे वाक्य ऐकून घेतलं जातं. याच जिल्ह्यातल्या कडवंची गावाने पाणलोटाच्या कामातून पाणी अडवून जे साधलं, त्यामागे चर आणि बांध जितके आहेत तितकीच ही बैठक आहे.

आणि तरी आपल्या घरांत मूल दहावी झालं की शाखांची उतरंड लागते. गुण आहेत तर सायन्स, नाहीतर आर्ट्स. जालन्यात 2018 मध्ये मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आलं, ही मोठी गोष्ट झाली, तिचं स्वागतच आहे. पण भोकरदनच्या पांढरीवर काम करायला, जिल्ह्यातल्याच असईच्या रणांगणाचे मराठी कागद वाचायला, जांबच्या परिसरातली बाडं लावायला उद्याची मुलं कुठून येणार? 23 सप्टेंबर 1803 ची असईची लढाई जग इंग्रज सेनापती वेलस्लीच्या नजरेने वाचतं. केळणा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मध्ये उतार असणारच, असं त्याने ताडलं आणि सैन्य पार नेलं. वाटाड्यांनी उतार नाही म्हणून सांगितलं होतं. ते वाटाडे कोण होते, नाही का म्हणाले, हा प्रश्न मोडी वाचणाऱ्या इथल्या एखाद्या मुलीने घेतला पाहिजे.

त्यासाठी दोन गोष्टी लगेच करता येतील. जिल्ह्याविषयी झालेलं सगळं संशोधन जालन्याच्या एका वाचनालयात एका कपाटात ठेवावं. देव-गुप्ते यांचा अहवाल, बदनापूरचे वार्षिक अहवाल, पाणलोटाच्या पाहण्या, पीएचडीचे प्रबंध, प्रत्येकाला मराठीत चार पानांचा सारांश जोडून. प्राध्यापकांनी ठरवलं तर हे काम विद्यार्थ्यांकडून दोन वर्षांत होईल.

दुसरी गोष्ट वाचकांनी करायची आहे. घरात आवराआवर सुरू झाली की माळ्यावरचं काढून रद्दी विकायला निघते. तिच्यात आजोबांची पावसाची वही असेल, आडतीच्या पट्ट्या असतील, मोसंबीच्या बागेचा जमाखर्च, बियाण्याच्या प्लॉटची नोंदवही, आजीने लिहून घेतलेल्या ओव्या, मोडीतलं एखादं बाड असेल. ते वजनावर देऊ नका. त्यावर साल आणि गाव लिहा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना एक फोन करा.