कळतं, पण वळत नाही: अर्जुनाचा प्रश्न आणि तेलाचा धंदा



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३६ ते ४३.

अर्जुन इथे फार साधा प्रश्न विचारतो. माणसाची इच्छा नसते, तरी कुणीतरी मानगूट धरून करायला लावावं तसा तो पाप करतो. हे करवून घेणारं नक्की कोण? कॉलेजात वाचलं तेव्हा मला फक्त स्वतःचा राग आणि आळस आठवला होता. या आठवड्यात पुन्हा वाचताना ऑफिसातलं एक प्रकरण आठवलं.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एका परदेशी तेल कंपनीचं काम आलं. विहिरींवरच्या पंपांना सेन्सर लावलेले होते. त्यांचा डेटा बघून पंप बिघडण्याआधी इशारा देणारं मॉडेल आम्हाला बनवायचं होतं. काम खरंच मस्त होतं. मॉडेल चाललं, पंप कमी वेळा बंद पडू लागले, म्हणजेच त्याच विहिरींतून जास्त तेल निघू लागलं. डेमोला सगळ्यांनी कौतुक केलं. बाहेर एप्रिलचं ऊन इतकं होतं की पार्किंगमध्ये बाइकच्या सीटला हात लावता येत नव्हता. मी मॅनेजरला म्हटलं, "अरे, आपण हे वाढवतोय ते बरोबर आहे का?" तो हसून म्हणाला, "तू नाही केलंस तर दुसरा करेल. तेल थोडंच थांबणार आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घराचा ईएमआय मात्र होता. मी कामाला लागलो.

"तू नाही तर दुसरा." मंडळी, हे वाक्य म्हणजे अर्जुनाच्या प्रश्नातली ती बळजबरी आहे. हवामान बदलाच्या बाबतीत मजुरापासून मालकापर्यंत सगळे हेच म्हणतात. मग दोष कुणाचा? माणसाचा, की व्यवस्थेचा?

श्रीकृष्ण उत्तरात कामाचं, म्हणजे कधीच पोट न भरणाऱ्या इच्छेचं नाव घेतात. हे उत्तर आपण शंभरदा ऐकलंय. पण पुढे ते दोन गोष्टी सांगतात, ज्यांवरून आपण पटकन पुढे जातो. एक, ही इच्छा ज्ञानी माणसाची कायमची वैरी आहे. आणि दोन, ती राहते कुठे, तर इंद्रियांत, मनात आणि बुद्धीतसुद्धा. बुद्धीत! म्हणजे हुशार माणूस सुटत नाही. उलट त्याची हुशारीच इच्छेच्या नोकरीला लागते.

याचं आपल्या काळातलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे एक्सॉन ही अमेरिकी तेल कंपनी. १९७७ मध्ये जेम्स ब्लॅक या तिच्याच शास्त्रज्ञाने वरिष्ठ अधिकाऱ्यांना सांगितलं होतं की तेल-कोळसा जाळल्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय आणि त्याने पृथ्वी तापेल. कंपनीने ते धुडकावलं नाही. तिने एका तेलवाहू जहाजावर उपकरणं बसवून समुद्रावरच्या हवेतला आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड मोजला, स्वतःची गणितं केली. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात संशोधकांनी कंपनीचे ते जुने अंदाज प्रत्यक्ष तापमानाशी ताडून पाहिले. बहुतेक अंदाज बरोबर निघाले. दर दशकाला साधारण ०.२ अंश सेल्सिअस वाढ होईल, असं त्यांचं गणित सांगत होतं आणि तसंच घडलं. इंजिनिअर म्हणून मला त्या लोकांचा हेवा वाटतो. इतकं चांगलं मॉडेल!

आणि पुढे? १९८९ मध्ये तेल, कोळसा आणि मोटार उद्योगातल्या कंपन्यांनी मिळून 'ग्लोबल क्लायमेट कोअलिशन' नावाचा गट काढला. एक्सॉन त्यात होती. उत्सर्जनावर बंधनं येऊ नयेत म्हणून हा गट धडपडत राहिला. १९९७ च्या डिसेंबरात क्योटो करार व्हायचा होता. त्याच्या दोन महिने आधी एक्सॉनचे प्रमुख ली रेमंड बीजिंगला तेल उद्योगाच्या परिषदेत हवामानाच्या विज्ञानावर शंका घेत होते आणि विकसनशील देशांना अशा बंधनांपासून लांब राहायला सांगत होते. पुढे अमेरिकेने क्योटो करारावर सही केली, पण तो कधीच मंजूर केला नाही. लोकांची दिशाभूल केल्याचा आरोप कंपनी आजही नाकारते.

गीतेत इथेच धुराचा दाखला येतो. आग असतेच, धूर तिला झाकतो. ज्ञान असतंच, इच्छा त्याला झाकते. हे वाचताना मी थांबलो. एक्सॉनने तेल विकलं म्हणून मी तिला दोष देऊ शकत नाही, ते तेल आपण सगळ्यांनी रांगा लावून विकत घेतलं. मला वाटतं, खरा दोष धूर करण्याचा आहे. कारण "तू नाही तर दुसरा" या अडचणीवर एकच उपाय असतो, सगळ्यांना एकाच वेळी लागू होणारा नियम. एकट्या कंपनीने तेल कमी काढलं तर शेजारची जास्त काढेल, हे खरंच आहे. पण म्हणूनच ज्याने नियम होऊ दिला नाही, त्याला "माझा नाइलाज होता" म्हणायचा हक्क राहत नाही. आपल्याच हाताने दार लावून घ्यायचं आणि आत कोंडलोय म्हणून ओरडायचं, असं झालं ते.

नियम होऊ शकतो, याचा पुरावा आहे. ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या सीएफसी वायूंची सगळ्यात मोठी उत्पादक होती ड्युपाँट. आधी तिने बंधनांना विरोध केला, मग जागतिक नियमाला पाठिंबा दिला. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९८८ मध्ये तिने ते वायू बंद करण्याची घोषणा केली. तिला पर्यायी रसायनं विकता येणार होती, म्हणजे स्वार्थ होताच. पण नियमाने त्या स्वार्थाला वळण लावलं.

नियम नसेल तर काय होतं, ते बीपी या ब्रिटिश कंपनीने दाखवलं. २०३० पर्यंत तेल-वायूचं उत्पादन ४० टक्क्यांनी घटवू, असं तिने २०२० मध्ये जाहीर केलं. २०२२ मध्ये तेल महागलं आणि नफा सुमारे २,८०० कोटी डॉलरवर गेला. २०२३ च्या फेब्रुवारीत ४० चे २५ टक्के झाले, आणि त्या दिवशी शेअर वर गेला. २०२५ मध्ये, गुंतवणूकदारांच्या दबावाखाली, तेल-वायूवरची गुंतवणूकच वाढवायचं ठरलं. शब्द मोडला म्हणून बाजाराने बक्षीस दिलं.

हे बक्षीस देणारा 'बाजार' कोण? लंडनमधले पेन्शन फंड, तुमच्या-आमच्यासारखे लोक. माझी एसआयपी निफ्टीच्या इंडेक्स फंडात आहे. त्यात रिलायन्स आहे, ओएनजीसी आहे, कोल इंडिया आहे. ॲपमध्ये हिरवा आकडा दिसला की मला बरं वाटतं. तो हिरवा का झाला, हे मी विचारत नाही. आणि हा दोष फक्त खासगी नफ्याचाही नाही. कोल इंडिया सरकारी आहे, सौदी अरामकोही मुख्यतः सरकारच्याच मालकीची. सरकारलाही महसूल हवा असतो, आणि आपल्यासारख्या देशाला वीज लागतेच. इच्छा मालकाचं नाव बघून शिरत नाही.

मग आपण काय करायचं? आपल्याला लगेच वैयक्तिक संयम आठवतो. तो हवाच. पण २००४ मध्ये लोकांना स्वतःचा 'कार्बन फूटप्रिंट' मोजायला शिकवणारं कॅल्क्युलेटर कुणी आणलं, माहितीये? बीपीनेच. आपण आपल्या पापाची चिल्लर मोजत बसलो, आणि तिजोरीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. त्यामुळे नुसता कापडी पिशवीचा संयम मला आता पुरेसा वाटत नाही.

श्रीकृष्ण शत्रूला मारायला सांगताना आधी इंद्रियांचं नियमन करायला सांगतात. मराठीत आपण कंपन्यांवरच्या बंधनांनाही नियमनच म्हणतो. मला या दोन गोष्टी आता वेगळ्या वाटत नाहीत. स्वतःच्या हावेला लगाम नको असलेला माणूस धंद्यावरच्या लगामाला मत देणार नाही. आणि धंद्याला लगाम नसेल, तर एकट्या माणसाचा संयम दुसऱ्याच्या नफ्यात जिरून जातो.

माझ्या प्रोजेक्टचं पुढे काय झालं, तेही सांगतो. वर्षअखेरच्या मीटिंगमध्ये मी दुसरं काम मागितलं. काही महिन्यांनी मिळालं. माझ्या जागी दुसरा मुलगा बसला आणि पंप चालूच राहिले. मॅनेजर बरोबर होता. माझ्या जाण्याने तेलाचा एक थेंबही वाचला नाही, उगाच मोठेपणा घेणार नाही. फरक एवढाच पडला की स्वतःला पटवण्यासाठी रोज नवी कारणं शोधायची गरज उरली नाही. धूर थोडा कमी झाला. आणि धूर कमी झाल्यावर, कोण नियम अडवतोय, कशासाठी अडवतोय आणि त्यात माझे किती पैसे आहेत, हे बघायची हिंमत थोडी आली.

आज दिवसभरात एकदा तरी "मी नाही तर दुसरा करेल" हे तुमच्या तोंडी किंवा मनात येईल. आलं की जरा थांबा आणि विचारा: इथे सगळ्यांना बांधणारा नियम हवा, असं मला मनापासून वाटतं का? की तो नसण्यातच माझी सोय आहे?

उत्तर कुणाला सांगू नका. त्या सारथ्याला सांगा, त्याला ते आधीच माहीत आहे.

श्रीकृष्णार्पणमस्तु.