काथवट कोणाच्या वाट्याला?

निर्जीव वस्तूंचे आपण काही देणे लागतो काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात विचारला तर त्याला प्रतिष्ठा लाभते. स्वयंपाकघरात विचारला तर लोक हसतात. तरीही तो स्वयंपाकघरातच विचारावा असे आम्हांस वाटते. तेथे तो रोज उभा राहतो आणि रोज कोणीतरी, बहुधा न बोलता, त्याचे उत्तर देत असते. तांदळाच्या भाकऱ्या झाल्यावर काथवट मोरीत पाण्याखाली टाकून द्यायची, की पीठ खरवडून, कोमट पाण्याचा हात फिरवून, पुसून भिंतीशी उभी करायची? फरक दोन मिनिटांचा आहे. पण ती काथवट दोन पावसाळे टिकणार की दोन पिढ्या, हे त्या दोन मिनिटांवर ठरते.

नायगाव स्थानकाच्या पूर्वेस, चंडिकादेवीच्या डोंगराच्या सावलीत वसलेल्या जूचंद्र गावाला लाकडाचे गुण परक्याने सांगण्याची गरज नाही. आगरी वस्तीच्या या गावाच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे पिकत आली. आज ती पूर्वीइतकी उरलेली नाहीत. मिठागरात लोखंडाचा पाड लागत नाही; खारे पाणी आणि खारी हवा मिळून त्याला गंज चढवतात. म्हणून मीठ ओढायचे अवजार लाकडाचे: लांब दांडा आणि त्याला आडवी बसवलेली फळी. मिठात मुरलेल्या लाकडाला बुरशी सहजासहजी धरत नाही. तेच मीठ घरात आले की मासळीचा वास धरलेल्या लाकडी पाटावर पसरले जाते आणि अर्ध्या लिंबाने चोळले जाते. मीठ ओल शोषते, आंबटपणा वास मारतो. ज्या बायकांनी हे शास्त्र चालवले त्यांनी रसायनाचे पुस्तक उघडलेले नव्हते. पण आगरातले मीठ आणि घरातला पाट ही दोन्ही त्यांच्या हाताखालून गेलेली होती.

लाकूड तोडले म्हणून मरते, ही समजूत अर्धवट आहे. झाड मरते, लाकूड हलत राहते. हवेत दमटपणा वाढला की ते फुगते, कोरड पडली की आकसते. आणि हे फुगणे-आकसणे रेषांच्या आडव्या अंगाला होते, लांबीच्या अंगाला जवळजवळ होतच नाही. म्हणून पोळपाट तडकतो तो रेषेला धरून. वसईसारख्या खाडीकाठच्या मुलखात जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळे लाकूड फुगलेले असते. दरवाजे चौकटीत अडकतात हे सर्वांस ठाऊक आहे, पण तीच गत फडताळातल्या लाटण्याचीही होत असते, याकडे लक्ष जात नाही. बुडवून ठेवलेली काथवट बाहेरून पाणी पिते, आतून कोरडी राहते, आणि मग कोणी कळकळीने ती कडक उन्हात ठेवली की वरचा थर आधी सुकून ओढला जातो आणि चीर पडते. तिला सावली आणि वारा हवा, आणि टेकवायची तर काठावर उभी, म्हणजे दोन्ही अंगांनी सारखी सुकेल.

तेलाचेही तसेच. आपल्याकडे हाताशी खोबरेल असते. त्यातील बहुतांश स्निग्धांश संपृक्त असल्यामुळे ते लवकर खवट होत नाही. पण ते लाकडात घट्टही होत नाही, दोन-चार धुण्यांत निघून जाते आणि पुन्हा लावावे लागते. जवसाचे तेल निराळे. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या रंध्रांत त्याचा पापुद्रा बनतो. अगदी पातळ हात द्यावा, उरलेले फडक्याने पुसून काढावे, आणि काही दिवस त्या वस्तूला हात लावू नये. हे शेवटचेच पथ्य कठीण. मात्र रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणारे जवसतेल स्वयंपाकाच्या वस्तूंना लावू नये. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल तर मुळीच नको. काही आठवड्यांत चिकटा धरतो, वास येतो, आणि दोष लाकडाच्या माथी बसतो.

लाकूड अस्वच्छ, हा आक्षेप सुशिक्षित घरांतून हमखास येतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि त्यांचे सहकारी लाकडी पाट निर्जंतुक कसे करावेत याचा शोध घेऊ लागले, तेव्हा प्लास्टिकचाच पाट सुरक्षित असे तिकडे सांगितले जात होते. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांतून वेगळेच चित्र पुढे आले. लाकडावर सोडलेले जंतू आत शोषले जात, तेथे वाढत नसत आणि बहुतेक हळूहळू मरत. नवा प्लास्टिकचा पाट सहज स्वच्छ होई. पण सुरीच्या घावांनी चरे पडलेला जुना पाट हाताने घासून निर्धोक करणे अवघड जाई. पुढे यावर वादही झाले, आणि कच्च्या कोंबडीचा पाट वेगळा ठेवावा हे लाकडालाही लागू आहेच. पण लाकूड म्हणजे मागासलेपण, ही समजूत तरी त्यानंतर टिकू नये.

इतके सांगून झाल्यावर मूळ प्रश्नाकडे यावयास हरकत नाही. हे सारे का करावे? पैसे वाचतात म्हणून, असे म्हणावे तर आज लाकडी डाव फार महाग नाही. तो मोडला तर दुसरा आणता येतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1797 साली लिहिलेल्या नीतिशास्त्रात निसर्गातील सुंदर निर्जीव वस्तूंचा उगाच विध्वंस करण्याच्या प्रवृत्तीचा विचार केला आहे. आपले कर्तव्य त्या वस्तूंप्रती नसून स्वतःप्रती आहे, असे तो म्हणतो. अशा नासधुशीने माणसाची नैतिक संवेदना बोथट होते. हे खरे आहे, पण आम्हांस ते अपुरे वाटते. काथवटीसमोर आपण आणि वस्तू असे दोघेच नसतो. काथवटीच्या मागे एक झाड आहे, ज्याला तेवढा बुंधा होण्यास कित्येक वर्षे लागली. ते कोरणारा सुतार आहे. आणि पुढे कोणीतरी आहे, ज्याचा जन्मही कदाचित झालेला नाही. दोन मिनिटांचा आळस या तिघांच्या खात्यातून खर्ची पडतो.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी जी नियमावली लिहिली तिच्या एकतिसाव्या प्रकरणात मठाच्या कोठाऱ्याला सांगितले आहे, की मठातील सगळी भांडी आणि मालमत्ता ही वेदीवरच्या पवित्र पात्रांप्रमाणे मानावी. पुष्कळांना हे वचन माहीत असते. त्यापुढचे कमी जणांना माहीत असते. पस्तिसाव्या प्रकरणात ते म्हणतात, की स्वयंपाकघरातील सेवा सर्वांनी आळीपाळीने करावी. आजारी माणूस किंवा खरोखर महत्त्वाच्या कामात गुंतलेला माणूस सोडला तर कोणाला सूट नाही. आठवड्याची पाळी संपली की भांडी स्वच्छ आणि धड स्थितीत कोठाऱ्याकडे परत करायची.

आम्हांस वाटते, खरी मेख या दुसऱ्या प्रकरणात आहे. भांडे पवित्र मानावयाचे आणि ते घासावयाचे मात्र दुसऱ्याने, ही सोय बेनेडिक्ट यांनी ठेवली नाही. आपल्या घरांनी ती शतकानुशतके ठेवली. उखळ, मुसळ, रवी, काथवट, खवणी या सर्वांची निगा बायकांनी राखली, आणि त्या निगेला कधी काम म्हटले गेले नाही. जुन्या लाकडी भांड्यांची आठवण काढून उसासे टाकणाऱ्या लेखांत (असे लेख अलीकडे पुष्कळ येतात आणि बहुतेक पुरुषांनी लिहिलेले असतात) हा हिशेब सहसा मांडलेला नसतो. पहाटेची लोकल पकडून चर्चगेटला जाणारी आणि रात्री आठला परतणारी गृहिणी स्टीलचा डाव वापरते, प्लास्टिकचा पाट वापरते, तेव्हा ती परंपरेशी प्रतारणा करते असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस तरी नाही. ज्याला काथवटीची कळकळ आहे त्याने प्रथम ती पुसावी.

आणखी एक गोष्ट आपल्या नकळत बदलली आहे. चूल होती तेव्हा लाकडी भांड्याचे अवघे आयुष्य तिच्याभोवती फिरत असे. चुलीतली राख घासण्यास मिळे. मातीच्या भांड्याला आणि कल्हईच्या पातेल्याला धातूचा डाव लावला तर मातीचा टवका उडे, कल्हई खरवडली जाई, म्हणून लाकडाचा किंवा करवंटीचा डाव आवश्यक होता, हौसेचा नव्हता. आणि पोळपाट अगदीच दुभंगला की तो चुलीत जाई आणि त्याच्यावर शेवटचा भात शिजे. गॅस आला आणि लाकडाची ही तिन्ही नाती एकदम तुटली. आता तडकलेला पोळपाट कचऱ्याच्या गाडीत टाकताना हात किंचित अडखळतो तो त्यामुळे. वस्तू टाकण्याचेही एक सभ्य स्थान असावे लागते, ते नाहीसे झाले आहे. भाषेत तेवढी ही भांडी टिकून आहेत: आजही कोणी आपले उखळ पांढरे करून घेतो आणि कोणाचे मुसळ केरात जाते, विचारले तर दोघांच्याही घरी उखळ नसते.

ज्यांना ही भांडी जपायची असतात ते बहुधा एक वेगळा मार्ग धरतात. मुसळाला चकचकीत व्हार्निश देतात आणि ते दिवाणखान्यात आडवे लावतात. काथवटीत प्लास्टिकची फुले येतात. यात वाईट हेतू नाही. पण व्हार्निश दिलेल्या काथवटीत पुन्हा पीठ मळता येत नाही, आणि जिच्यात पीठ मळले जात नाही तिला हाताचे तेल, पाण्याचा हात, पुसणे हे काहीच मिळत नाही. वापर आणि निगा या लाकडाच्या बाबतीत दोन गोष्टी नाहीतच. जपण्यासाठी वापर थांबवला की जपायचे तेच हरवते.

मग बदल किती चालेल? अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे जहाज जतन केले, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले, आणि शेवटी हे तेच जहाज की दुसरे यावर तत्त्वज्ञ भांडू लागले, असे प्लूटार्कने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे हा वाद विळीवर सहज घालता आला असता. पाते झिजले म्हणून लोहाराकडून नवे घेतले, पाट कुजला म्हणून सुताराने नवा बसवला. तरी घरात ती आजीचीच विळी. कोणी भांडले नाही, कारण ती विळी लाकडात वा लोखंडात नव्हती. तिच्यावर बसण्याच्या सवयीत होती. सुताराचा दिवस नव्या वस्तू घडवण्यापेक्षा जुन्या दुरुस्त करण्यात अधिक जात असावा असे आम्हांस वाटते, आणि नाझरेथच्या सुताराचाही तसाच जात असेल, अशी कल्पना केली तर ती अवाजवी ठरू नये. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन यांनी त्याच्या हातच्या वस्तू म्हणून नांगर आणि जू यांचा उल्लेख केला आहे. दोन्ही पुन्हा पुन्हा दुरुस्तीला येणाऱ्या वस्तू.

येथे जूचंद्रचाच एक दाखला आमच्या म्हणण्याच्या आड येतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे गाव रांगोळी कलाकारांचे गाव म्हणून ओळखले जाते. तासन्‌तास वाकून, चिमटीतून रंग सोडत, माणसाचा चेहरा हुबेहूब जमिनीवर उतरवायचा आणि प्रदर्शन संपले की केरसुणीने तो लोटून टाकायचा, ही त्यांची रीत. तेथे निगेचा प्रश्नच नाही. टिकवण्यानेच वस्तूचा मान राहतो असे आम्ही म्हणू लागलो तर या कलाकारांपुढे आम्हांस गप्प बसावे लागेल. रांगोळी टिकवण्याचा हट्ट धरला तर ती चित्र होते, रांगोळी राहत नाही. काथवट न टिकवली तर तिचे झाड वाया जाते. एकीला लोटून टाकणे हा मान, दुसरीला पुसून उभी करणे हा मान. कोणत्या वस्तूला काय हवे हे त्या वस्तूकडे पाहूनच कळते, आपल्या स्वभावाकडे पाहून नव्हे. आणि हे पाहणे दोन्ही ठिकाणी सारखेच असते.

म्हणूनच आई गेल्यानंतर भाऊबहिणींत जी वाटणी होते, तीत काथवटीचा प्रश्न लहान नसतो. जमीन, दागिने, भांड्यांचे पितळ यांना भाव असतो आणि भावाने ती वाटता येतात. काथवटीला भाव नसतो, म्हणून तिच्यावरून कधी अबोला धरला जातो, तर कधी ती कोणालाच नको असते आणि माळ्यावर वाळवीला मिळते. थोरल्याचा हक्क, धाकट्याची माया, लेकीची आठवण, हे सगळे दावे खरे असतात. आमचे मत इतकेच, की ज्या घरी अजून तांदळाची उकड काढून भाकरी केली जाते, त्या घरी ती जावी, मग ते घर धाकट्या सुनेचे असो की लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या लेकीचे. आणि भावंडांपैकी कोणाच्याच घरी भाकरी होत नसेल, तर जी शेजारीण आईबरोबर बसून भाकऱ्या करीत असे तिला ती नेऊन द्यावी; देताना चीर कोठे आहे ते तिला दाखवावे, म्हणजे ती त्या बाजूने पाणी धरणार नाही.