दिलेले यंत्र कोणाचे?

दरिद्री मनुष्यास यंत्र दिले की त्याचे दारिद्र्य हटले, असे पुष्कळांस वाटते. परंतु जे यंत्र बिघडल्यावर घेणाऱ्यास नीट करता येत नाही, ते खरोखर त्याचे झाले काय? हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

हातपंपाचेच उदाहरण घ्या. १९६० नंतरच्या दशकात दुष्काळी गावांतून कूपनलिका खणून त्यांवर बिडाचे पंप बसविण्यात आले. त्यांचा नमुना परदेशी, एका कुटुंबापुरता होता. येथे तर एकेका पंपावर सबंध गाव पाणी भरी. थोड्याच काळात सांधे झिजत, बीड तडके, आणि बाया पुन्हा घागरी घेऊन दूरच्या विहिरीची वाट धरीत. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु हा पंप किती हात किती वेळ हापसणार, हे त्यांनी आधी पाहिले नव्हते.

जालना येथील मिशनच्या कामात ते पाहिले गेले, आणि पोलादाचा मजबूत पंप तयार झाला. सोलापुरात त्यात सुधारणा झाली. त्याच वळणावर १९७० नंतरच्या दशकात सरकार व युनिसेफ यांच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क दोन’ सिद्ध झाला, आणि असे लाखो पंप या देशात व आफ्रिकेत बसले.

तथापि एक उणीव उरली. आतील दट्ट्याची वाटी बदलण्यास सगळे नळ वर काढावे लागत. त्यास जड हत्यारे व बाहेरची माणसे लागत. म्हणून ‘मार्क तीन’मध्ये नळ रुंद केला, की दट्ट्या त्यातूनच वर ओढावा व गावच्या माणसाने तो दुरुस्त करावा. हा नळ महाग पडतो, हे खरे. परंतु स्वस्त पंप बंद पडला, तर त्याची किंमत बायांच्या पायांनी भरली जाते.

मग गरिबांनी सदा लहान यंत्रावरच समाधान मानावे काय? मुळीच नाही. जेथे वीज आहे व मिस्त्रीही आहे, तेथे विजेचा पंप योग्यच होय. यंत्र लहान की मोठे, हा मुख्य प्रश्न नव्हे. त्याची किल्ली कोणाच्या हाती, हा आहे.

यास्तव, वाचकहो, गावात नवे यंत्र येईल तेव्हा आभार मानण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या: हे कोण दुरुस्त करील, सुटे भाग कोठे मिळतील, आणि खर्च कशातून होईल? गावातील एका तरुणास व एका बाईस ते काम शिकवून घ्यावे. असे विचारणे कृतघ्नपणा नव्हे. दान आपलेसे करण्याचा हाच मार्ग आहे.