रिकाम्या गाळ्यांचा हिशोब कोण मागणार?

मार्च २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने आपल्याच कामगार-कर्मचाऱ्यांसाठी घरांची सोडत जाहीर केली. गाळे माहुलचे, संख्या ९,०९८, प्रत्येक गाळा २२५ चौरस फुटांचा, किंमत १२ लाख ६० हजार रुपये. मुंबईच्या हद्दीत एवढ्या पैशात झोपडीसुद्धा मिळणे मुश्कील. पहाटेची पाळी गाठायला नालासोपारा-बदलापूरहून पहिली लोकल धरणारे किती तरी लोक पालिकेच्या सेवेत आहेत. तरीही अर्ज इतके थोडे आले की मुदत वाढवावी लागली.

बहुतेकांनी ही बातमी ‘माहुल नको रे बाबा’ एवढे म्हणून सोडून दिली. मला मात्र तिच्यात वेगळाच प्रश्न दिसतो. सार्वजनिक मालकीची नऊ हजार घरे एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे कुलूपबंद राहतात, तेव्हा त्याचा जाब कोणी, कुठे आणि कोणत्या कागदाच्या आधारे विचारायचा?

माहुलची कहाणी थोडक्यात सांगायला हवी. ७२ इमारती, सतरा हजारांवर गाळे, आणि शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या, वीज केंद्र. इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच नोंदवले होते. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा मीटर जागा मोकळी करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश होता. तिथली घरे पाडली गेली आणि २०१७ पासून हजारो कुटुंबांना याच माहुलमध्ये आणून सोडले. खोकला, दमा, त्वचेचे विकार, शाळा लांब, काम लांब. ऑक्टोबर २०१८ मध्ये विद्याविहारला जलवाहिनीलगतच रस्त्यावर बसून या लोकांनी आंदोलन सुरू केले. शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की कोणालाही माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही. पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्या.

म्हणजे ही घरे रिकामी राहिली ती गरजू माणसे नव्हती म्हणून नव्हे. माणसांनी ती जगून पाहिली आणि नाकारली. त्या नकाराची नोंद न्यायालयात झाली, वर्तमानपत्रांत झाली. पालिकेच्या हिशोबात ती कुठल्या रकान्यात झाली?

कुठल्याच नाही, आणि त्याचे कारण ही घरे ज्या मार्गाने पालिकेकडे येतात त्यात आहे. प्रकल्पबाधितांची बहुतेक घरे पालिका पैसे मोजून विकत घेत नाही. विकासक स्वतःच्या भूखंडावर ती बांधून देतो आणि मोबदल्यात त्याला टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो. हा हक्क तो उपनगरांत दुसऱ्या बांधकामावर वापरतो किंवा बाजारात विकतो. साहजिकच तो घरांसाठी सर्वांत स्वस्त जमीन शोधतो, आणि स्वस्त जमीन मिळते ती माहुलला, मानखुर्दला, गोवंडीला, डम्पिंगच्या आणि कारखान्यांच्या कडेला. शहराने या घरांची किंमत मोजलेली असतेच. कुठे तरी जास्त मजले चढतात, कुठल्या तरी गल्लीवर गर्दीचा, पाण्याचा, गटाराचा भार वाढतो. पण ती किंमत अंदाजपत्रकाच्या पुस्तकात रुपयांत दिसत नाही. ज्या घरासाठी तिजोरीतून पै गेली नाही, ते दहा वर्षे बंद राहिले तरी तोट्याचा आकडा निघत नाही, आणि आकडा नसला की लेखापरीक्षकाची लेखणी तिथे थांबत नाही.

इंग्लंडमध्ये याच्या उलट घडते. तिथल्या ज्या स्थानिक परिषदांकडे स्वतःची भाड्याची घरे आहेत, त्यांना घरांच्या जमाखर्चाचे वेगळे खाते ठेवावे लागते. एक भाडेकरू गेला आणि दुसरा यायला उशीर झाला की बुडालेले भाडे त्या खात्यात तूट म्हणून उमटते. घर सरासरी किती दिवस रिकामे राहिले, हा आकडा निवडून आलेल्या सदस्यांच्या समितीपुढे येतो. २००० सालच्या कायद्याने तिथे अशा छाननी समित्या आल्या आणि अधिकाऱ्याला समोर बसवून प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना मिळाला. म्हणून तिथे सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. लंडनच्या सदर्क भागातली हेगेट ही हजाराहून जास्त घरांची वसाहत परिषदेनेच टप्प्याटप्प्याने रिकामी केली, बराच काळ तशीच ठेवली आणि २०१४ पर्यंत जमीनदोस्त केली. जुन्या भाडेकरूंपैकी फार थोडे त्या जागी परतू शकले. छाननी असूनही हे झाले. पण भांडणाऱ्या रहिवाशांच्या हातात आकडे होते, तारखा होत्या, कोणत्या बैठकीत कोण काय बोलले याचे इतिवृत्त होते. माहुलच्या लोकांना हे सगळे माहितीच्या अधिकारात आणि न्यायालयाच्या दारात ओढून काढावे लागले.

हा रोग एकट्या मुंबईचा नाही. निगडीच्या सेक्टर २२ मधली ओटा स्कीम घ्या. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या रेड झोनमध्ये बांधकामाला बंदी असताना तिथे पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि इमारती अडकून पडल्या. कल्याण-डोंबिवलीत शहरी गरिबांसाठी नेहरू योजनेतून बांधलेली घरे लाभार्थ्यांच्या याद्यांच्या वादात वर्षे काढत राहिली. देशभर या योजनेतली अशी न वापरलेली घरे इतकी साठली की जुलै २०२० मध्ये, करोनाने कामगारांना पायी गावी पाठवल्यानंतर, केंद्र सरकारने ती पंचवीस वर्षांच्या कराराने भाड्याने देण्याची योजना आणली. मोजकी शहरे सोडली तर ती फारशी हलली नाही. वर्षानुवर्षे बंद असलेले घर नुसत्या आदेशाने राहण्याजोगे होत नसते.

प्रकल्पबाधितांच्या इमारतीतला बंद गाळा आतून कसा दिसतो? दाराच्या कडीला कुलूप, त्यावर शिक्क्याची कागदी पट्टी. दोन पावसाळ्यांत शिक्का पुसतो. मग पहिल्यांदा नळ जातात, कारण ते पितळेचे असतात. मागोमाग खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी, वायरी, शेवटी संडासाचे भांडे. खिडकी गेली की कबुतरे येतात, मोरीचा पाइप तुंबतो आणि खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल धरते. खाली राहणारी बाई सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जाते, सेक्रेटरी वॉर्ड ऑफिसला पत्र देतो, वॉर्ड ऑफिस म्हणते, हा मालमत्ता विभागाचा विषय. दरम्यान लिफ्टचे आणि पाण्याच्या पंपाचे बिल जे राहतात त्यांनीच वाटून भरायचे, कारण बंद गाळ्याच्या नावाने देखभालीचे पैसे भरणारे कोणी नसते. सात मजल्यांच्या इमारतीत अर्धी दारे बंद असतील तर उरलेल्या गरिबांवर दुप्पट भार पडतो. त्यांना मात्र ‘फुकट घर मिळालेले लोक’ असे ऐकून घ्यावे लागते.

दार फार दिवस बंद राहिले की ते कोणी तरी फोडतो. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांतले घुसखोर हा मुंबईचा जुना विषय आहे. १९६९ मध्ये शहर भागात १९,६४२ उपकरप्राप्त इमारती मोजल्या गेल्या. त्यांची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी होईपर्यंत भाडेकरूंनी कुठे तरी राहावे म्हणून ही शिबिरे होती. तात्पुरती सोय म्हणून गेलेल्यांची पुढची पिढी तिथेच म्हातारी झाली, आणि मधल्या काळात जे गाळे मोकळे झाले त्यांतल्या अनेकांत पैसे मोजून भलतेच लोक घुसले. रिकामा गाळा आणि घुसखोरी हे दोन वेगळे प्रश्न म्हणून हाताळले जातात, ते मला पटत नाही. किल्लीची नोंद नसणे हेच दोन्हींचे मूळ आहे.

आता सभागृहाकडे येऊ. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांना घटनात्मक स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीत झोपडपट्टी सुधारणा आहे, गरिबी निर्मूलन आहे, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असेही घटना सांगते. प्रत्यक्षात मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि तेव्हापासून साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकानेच कारभार पाहिला. कल्याण-डोंबिवलीत तर नोव्हेंबर २०२० पासून कित्येक वर्षे लोकनियुक्त सभागृह नव्हते. माहुलची सोडत निघाली तेव्हा तिच्यावर हरकतीचा मुद्दा मांडायला ना सुधार समिती होती ना स्थायी समिती. प्रशासनानेच प्रस्ताव तयार केला आणि प्रशासकानेच मंजूर केला. शेवटी जानेवारी २०२६ अखेरपर्यंत निवडणुका उरका, असे सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले.

अर्थात नगरसेवक परत आले म्हणजे सगळे सुरळीत होईल, असे मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये माणसे माहुलला पाठवली गेली तेव्हा सभागृह भरत होतेच. गाळ्यांचे वाटप प्रशासनाच्या अखत्यारीतले, त्यामुळे हवेचा अहवाल आणि वाटपाची यादी एकाच टेबलावर ठेवण्याची सक्ती कोणावर नव्हती. नगरसेवकांच्या मोहाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. रिकामे घर म्हणजे आपल्या माणसाला देता येणारी किल्ली, असे पाहणारे सगळ्या पक्षांत आहेत. म्हणून वाटपाचा अधिकार त्यांच्या हाती जाता कामा नये. त्यांना अधिकार हवा तो विचारण्याचा, आणि उत्तर लेखी मिळण्याचा.

प्रशासनाची बाजूही ऐकायला हवी. काही घरे राखून ठेवावीच लागतात. पावसाळ्यात एखादी इमारत कोसळली किंवा नाल्याच्या रुंदीकरणासाठी वस्ती हलवायची वेळ आली, तर त्या रात्री माणसांना न्यायचे कुठे? २०१९ च्या जुलैमध्ये डोंगरीला इमारत कोसळली ते आठवावे. हा युक्तिवाद खरा आहे, पण त्यासाठी किती घरे लागतील, ती कुठे असावीत आणि आज त्यांत वीज-पाणी सुरू आहे का, हे कोणी तरी ठरवून लिहून ठेवले पाहिजे. नळ, खिडक्या चोरीला गेलेला माहुलचा गाळा डोंगरीच्या बेघर कुटुंबाच्या काय कामाचा? राखीव साठा आणि नाकारलेला साठा एकाच बेरजेत घातला की दोन्हींचे खरे स्वरूप झाकले जाते.

माझे म्हणणे एका नोंदवहीपुरते आहे. शहरातल्या सार्वजनिक मालकीच्या प्रत्येक रिकाम्या गाळ्याची एक ओळ, मग तो पालिकेचा असो, म्हाडाचा असो की एमएमआरडीएचा. ताबा कधी मिळाला, कधीपासून बंद आहे, का बंद आहे, किल्ली कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, शेवटची पाहणी कधी झाली, आणि कोणाला देऊ केला होता व त्यांनी तो का घेतला नाही. यातला शेवटचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाकारण्याचे कारण लाभार्थ्याच्या शब्दांत उतरवून घेतले तर पुढच्या इमारतीची जागा निवडताना ते कामी येईल. ही वही दर तिमाहीला प्रभाग समितीच्या पटलावर यावी. वर्षापेक्षा जास्त काळ बंद असलेल्या गाळ्यांसाठी संबंधित अधिकाऱ्याने स्वतः हजर राहून उत्तर द्यावे. म्हाडा किंवा एमएमआरडीए आमच्या अखत्यारीत नाही, असे पालिका म्हणेल. पण त्यांच्या वसाहतींतला कचरा, पाणी, शाळा, दवाखाना हे सगळे पालिकेच्याच गळ्यात असते, तेव्हा निदान आकडे मागण्याचा हक्क तिला कायद्याने मिळायला हवा.

घाई यासाठी की मुलुंड, भांडुप, चांदिवली इथे प्रकल्पबाधितांसाठी हजारो नवी घरे उभी राहत आहेत. त्यांत कोण राहायला जाणार, त्यांचे काम आज कुठे आहे, मुलांच्या शाळेत जागा आहे का, हे ताबा घेण्याआधी त्या-त्या प्रभाग समितीपुढे जाहीर सुनावणीत आले पाहिजे. आणि नव्या सभागृहात कोणी तरी माहुलच्या ७२ इमारतींची मजलावार यादी मागावी. नऊ हजार गाळे एकदम विकायला काढता येतात, तर त्यांची यादी महिनाभरात पटलावर ठेवायला काही अडचण नसावी.