न येण्याची मुभा

जपानमधील शाळांच्या वर्षात 'उंदोकाई' या दिवसाला जे स्थान आहे, ते आपल्याकडील वार्षिक क्रीडास्पर्धांवरून पुरते ध्यानात येत नाही. शब्दाचा अर्थ व्यायामाचा मेळावा एवढाच. परंतु त्या एका दिवसात शाळेची शिस्त, गावाची जत्रा आणि कुटुंबाची सहल अशा तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. आईवडिलांना आणि आजीआजोबांना येता यावे म्हणून हा दिवस बहुधा शनिवारी किंवा रविवारी ठेवतात. शाळेत इंग्रजी शिकवायला आलेल्या परदेशी सहायक शिक्षकाच्या करारात नेमका तोच सुट्टीचा दिवस असतो. त्याने यावे अशी सक्ती पुष्कळदा कोणी करीत नाही, पण तो आला नाही तर ते सर्वांच्या ध्यानात येते. वरवर पाहता हा शाळेच्या वेळापत्रकातला किरकोळ पेच आहे. वस्तुतः त्यातून दोन प्रश्न उभे राहतात. जेथे येण्याची सक्ती नाही, तेथे न जाणे हा दोष ठरतो काय? आणि जेथे न येण्याची मुभा जवळजवळ कोणालाच नाही, तेथील एकोप्याला सद्गुण म्हणता येईल काय?

या सहायक शिक्षकाचे पद तसे अलीकडचे आहे. जपान सरकारने १९८७ साली परदेशी तरुणांना शाळांमध्ये आणण्याची योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले. त्यातील बहुसंख्यांचे काम जपानी शिक्षकाच्या बरोबरीने वर्गात उभे राहून इंग्रजी शिकवण्याचे होते. करार एका वर्षाचा, नूतनीकरण होऊ शकणारा, आणि त्यात कामाचे तास मोजून दिलेले. त्याच्या शेजारच्या मेजावर बसणाऱ्या जपानी शिक्षकाच्या तासांना मात्र असे मोजमाप नाही. १९७१ च्या कायद्याने सरकारी शाळांतील शिक्षकांना जादा तासांचा मोबदला देण्याऐवजी पगाराच्या चार टक्के इतकी ठरीव रक्कम देण्याची पद्धत घातली. २०२५ मध्ये ती टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले, तरी रक्कम ठरीव आणि काम अमर्याद हा साचा कायम राहिला. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानमधील माध्यमिक शिक्षकांचा कामाचा आठवडा ५६ तासांचा आढळला. सहभागी देशांची सरासरी ३८ तासांच्या आसपास होती. एकाच शिक्षक-खोलीत असे दोन प्रकारचे काळ शेजारी शेजारी नांदतात. एकाचा काळ मोजलेला आहे म्हणून त्याचा स्वतःचा उरतो. दुसऱ्याचा मोजलेलाच नाही, म्हणून तो कोणाचाही होऊ शकतो.

तो दिवस उजाडण्यापूर्वी काही आठवडे सराव चाललेला असतो. धावण्याइतकाच चालण्याचा, रांगेत वळण्याचा आणि एका आवाजात शपथ घेण्याचाही सराव होतो. मुले तांबड्या आणि पांढऱ्या अशा दोन पक्षांत विभागलेली असतात. टोपीच एका बाजूने तांबडी आणि दुसऱ्या बाजूने पांढरी असते. आपल्या पक्षाचा रंग वर करून ती घालायची. या दोन रंगांचे मूळ बाराव्या शतकातील ताइरा आणि मिनामोतो या घराण्यांच्या युद्धात सांगितले जाते. सकाळी लवकर येऊन पालक मैदानाच्या कडेला चटया अंथरून जागा धरतात. मुख्याध्यापकांचे भाषण होते. १९२८ साली नभोवाणीवरून सुरू झालेल्या कवायतीचे परिचित स्वर वाजू लागतात आणि लहानथोरांचे हात एकदम वर जातात. मग शर्यती, रस्सीखेच, नृत्ये. लहान वर्गांचा एक खेळ उंच काठीवरच्या जाळीत चेंडू टाकण्याचा असतो. खेळ संपल्यावर दोन्ही पक्षांचे चेंडू एकेक करून हवेत उडवतात आणि सारे मैदान मोठ्याने आकडे म्हणते. ज्या पक्षाचे चेंडू आधी संपतात तो हरतो. येथे कोणत्या मुलाने किती चेंडू टाकले हे कोणी विचारीत नाही. मोजले जाते ते सर्वांचे मिळून. सायंकाळी शिक्षक आणि मोठी मुले मांडव उतरवतात, मैदान सारखे करतात, आणि दुसऱ्या दिवशी बदली सुट्टी म्हणून शाळा बंद राहते.

या बदली सुट्टीने हिशेब चुकता होतो, असे वरवर वाटते. एक दिवस घेतला, एक दिवस दिला. परंतु विश्रांती ही केवळ तासांची बेरीज नसते. रविवारी आप्त घरी असतात, मित्र मोकळे असतात. सोमवारी जग कामावर गेलेले असते. सुट्टीचे मोल ती इतरांबरोबर मिळण्यात आहे. हा रविवार जपानमध्ये आला तोही परदेशातून. १८७६ साली सरकारी हुकुमाने कचेऱ्यांना रविवारची पूर्ण आणि शनिवारची अर्धी सुट्टी मिळाली. शाळांचे शनिवार तर १९९२ पासून क्रमाक्रमाने सुटत गेले आणि २००२ साली सगळे मोकळे झाले. आपल्या मुंबईत रविवारची कहाणी वेगळी आहे. तेथे गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली सभा भरवून, अर्ज करून १८९० साली तो मिळवावा लागला. मागून मिळवलेला रविवार हक्क म्हणून मनात रुजतो. हुकुमाने आलेला रविवार सवड म्हणून येतो, आणि सवड परत मागता येते.

तेव्हा परदेशी शिक्षकाने करारावर बोट ठेवून घरी राहिले, तर त्यात अन्याय काहीच नाही. तरीही आपल्याला कोठेतरी खटकते. याचे कारण असे, की कर्तव्य आणि उपकार यांच्यामध्ये आणखी एक प्रदेश आहे. तेथील गोष्टी कोणी मागू शकत नाही, पण त्या केल्यावाचून माणसे एकमेकांची होत नाहीत. आजाऱ्याला भेटायला जाणे, मयताला जाणे, शेजाऱ्याच्या कार्याला उभे राहणे या गोष्टी हक्क आणि कर्तव्य यांच्या भाषेत बसत नाहीत. त्यांचा व्याकरणातला काळच निराळा आहे. वर्षभर ज्या मुलांना शब्द शिकवले, त्यांचे धावणे एकदा पाहावे, ही अपेक्षा याच जातीची आहे.

येथे इतिहासाची एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. हा दिवस जपानी मातीतला अस्सल सण वाटतो. पण त्याची सुरुवात परदेशी शिक्षकांनीच करून दिली. असा पहिला मेळावा म्हणून ज्याचा सामान्यतः उल्लेख होतो, तो १८७४ साली तोकियोतील त्सुकिजी येथील नौदल विद्यालयात ब्रिटिश प्रशिक्षकांच्या प्रेरणेने भरला. पुढे फ्रेडरिक विल्यम स्ट्रेंज या इंग्रजी शिकवणाऱ्या इंग्रज गृहस्थाने १८८३ साली तोकियो विद्यापीठात मैदानी स्पर्धा भरवल्या. त्यानंतर शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांनी शाळांत लष्करी धर्तीची कवायत आणली आणि मेळाव्याला शिस्तीचा साज चढला. गावांनी त्याला जत्रेचे रूप दिले. म्हणजे आज पाहुण्यांच्या मांडवात संकोचाने बसलेला परदेशी शिक्षक ज्या सोहळ्याला परका समजला जातो, तो त्याच्याच पूर्वसूरींनी तेथे पोचवला आहे. आपलेपणा उगमावरून ठरत नाही. वर्षानुवर्षे येत राहण्याने तो घडतो.

परंतु येत राहणे आणि येणे भाग असणे यांत अंतर आहे. ते किती मोठे असू शकते, हे मुलांच्या मनोऱ्यांनी दाखवून दिले. एकमेकांच्या पाठीवर गुडघे टेकून थरांवर थर रचायचे, हा या दिवसाचा अनेक शाळांतील मानाचा कार्यक्रम होता. थर वाढत गेले. २०१५ साली ओसाका प्रांतातील याओ शहरातल्या एका शाळेत दहा थरांचा मनोरा कोसळला आणि मुले जखमी झाली. पुढच्या वर्षी ओसाका शहराने आपल्या शाळांत असे मनोरे बंद केले. दहीहंडीचे थर पाहिलेल्या मराठी वाचकाला यातला थरार समजावून सांगायला नको. मात्र गोविंदा आपण होऊन पथकात जातो, निदान तसे मानले जाते. येथे संपूर्ण इयत्ताच मनोऱ्यात होती. सर्वांत खालच्या रांगेतल्या मुलाचा विचार करावा. त्याच्यावर सर्वाधिक भार असतो आणि तो प्रेक्षकांना सर्वांत कमी दिसतो. तो हलला तर सगळे पडतील, म्हणून तो हलत नाही. वर उभे राहिलेल्या मुलाला टाळ्या मिळतात आणि त्या टाळ्यांना एकोप्याचे नाव दिले जाते. खालच्या मुलाचे सहन करणे हे धैर्य आहे, की केवळ निरुपाय, हे बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. कारण त्याला 'नाही' म्हणण्याची वाटच ठेवलेली नव्हती.

जपानी तत्त्वचिंतक वात्सुजी तेत्सुरो यांनी आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात, ज्याचा पहिला खंड १९३७ साली प्रसिद्ध झाला, माणसासाठी असलेल्या 'निंगेन' या शब्दाचा विचार केला आहे. या शब्दाची दोन अक्षरे 'व्यक्ती' आणि 'मधले अंतर' अशा अर्थांची आहेत. माणूस एकटा नसतो, तो माणसांच्या मध्ये असतो, असे त्यांचे म्हणणे. हे एवढेच असते तर समूहाची थोरवी गाणारे आणखी एक मत म्हणून ते सोडून देता आले असते. पण वात्सुजी पुढे सांगतात, की समूहाला नाकारल्यानेच व्यक्ती व्यक्ती होते आणि तो नकार पुन्हा नाकारून ती समूहात परतते. नीती या जाण्यायेण्यात आहे. युद्धकाळात त्यांचे विचार राज्यसंस्थेच्या बाजूला फार झुकले ही टीका रास्त आहे. तरी त्यांच्याच मांडणीतून त्यांना उत्तर देता येते. दूर जाणे हा जर या प्रवासाचा आवश्यक टप्पा असेल, तर ज्याला कधी दूरच जाता आले नाही तो परतला असेही म्हणता येणार नाही. तो फक्त तेथे होता.

या दृष्टीने परदेशी सहायकाचे स्थान विलक्षण आहे. तो न येऊ शकतो, म्हणून त्याचे येणे दिसते. दुपारच्या उन्हात त्याने दोर धरला, तर मुले हरखतात, पालक आभार मानतात. त्याच दोराला त्याच्या पुढे लागलेला शिक्षक पहाटेपासून राबत असतो. आपल्या स्वतःच्या मुलाच्या शाळेचा मेळावा कदाचित त्याच दिवशी दुसऱ्या मैदानावर चाललेला असतो. त्याचे आभार कोणी मानीत नाही, कारण त्याचे येणे गृहीत आहे. ज्याला मोकळीक आहे त्याच्या देण्याला देणगी म्हणायचे, आणि ज्याला नाही त्याच्या देण्याला नुसते काम म्हणायचे, हा कृतज्ञतेच्या वाटपातला अन्याय आहे. पाहुण्याने हे ओळखले पाहिजे. त्याने येऊ नये असा याचा अर्थ नाही. ज्या एकोप्यातून आपण केव्हाही बाहेर पडू शकतो, त्याची त्याने मुक्तकंठाने स्तुती करताना थोडे थांबावे, इतकाच आहे. बद्ध माणसांच्या शिस्तीचे कौतुक मुक्त माणसाला फार सोपे जाते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. सर्वांनाच न येण्याची मुभा दिली, तर मैदानावर कोण उरेल? २०२० नंतरच्या साथीच्या काळात पुष्कळ शाळांनी हा दिवस अर्ध्यावर आणला, आणि साथ ओसरल्यावरही अनेक ठिकाणी तो अर्धाच राहिला. पहाटे उठून डबे रचणाऱ्या आईला उसंत मिळाली. ज्या मुलाचे कोणीच येऊ शकत नसे, त्याला इतरांच्या चटयांकडे पाहत जेवावे लागणेही टळले. त्याबरोबर चटईवर तीन पिढ्यांनी मिळून जेवण्याचे सुखही गेले. मुभेची किंमत असते, हे मान्य केलेच पाहिजे. पण सक्तीचीही किंमत असते, आणि ती देणारे सहसा खालच्या थरात असल्यामुळे ती लवकर दिसत नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावेसे वाटते, की न जाणे हा दोष नाही. ती एक उणीव आहे, आणि उणीव भरून काढता येते, तिची शिक्षा द्यायची नसते. दुसऱ्याचे उत्तर अधिक कठोर आहे. ज्या समूहात अनुपस्थितीला जागा नाही, तेथील उपस्थितीवरून आपुलकी सिद्ध होत नाही. ती असेलही, बहुधा असतेच. पण तिला स्वतःची ओळख पटवण्याची संधी मिळालेली नसते. परदेशी शिक्षकाला करारातल्या एका कलमामुळे ही संधी आयती मिळते. त्याच्या शेजारच्या मेजावरच्या माणसालाही ती मिळाली, तर पुढच्या वर्षी दोराला कदाचित चार हात कमी लागतील. जे लागतील, ते मात्र आपण होऊन लागलेले असतील.